अंगणातली वीतभर खोल तार

गुरुवार, ९ मे १९५७. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती पंचांगातून काढलेली होती. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न तीन दिवसांवर आले होते. मांडवाची पहिली मेढ त्या मिनिटापासून पुढच्या पाऊण तासात जमिनीत उभी राहायला हवी होती. भटजींनी माझे खिशातले घड्याळ मागून घेतले, कानाला लावून ते चालू असल्याची खात्री केली आणि तळहातावर धरून अंगणात उभे राहिले.

आमचे घर वर्ध्याच्या कडेला, नालवाडीच्या बाजूला होते. तिथून पुढे शेते सुरू होत. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, वय एकतीस. वडील वारले होते. घरात आई, मी, माझी पत्नी आणि धाकटी बहीण. लग्नासाठी माणसे आधीच येऊन उतरली होती. त्यांपैकी दोघे या हकिगतीत आहेत. एक, भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. अल्लीपूरला त्यांची शेती. अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून दांडगे, आणि थट्टा केल्यावाचून त्यांचे वाक्य पुरे होत नसे. मेढीचा खड्डा खणण्याचा मान जावयाचा, म्हणून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, त्यांच्या हाती होती. दुसरी, माझी आत्या. ती गिरडची. जमलेल्या सवाष्णींत वयाने मोठी, म्हणून खड्ड्याची पूजा तिने प्रथम करायची होती. आई विधवा. ती दाराच्या आत उभी राहून पाहत होती.

आणखी एक गोष्ट अंगणात होती. ती जमिनीखाली होती आणि तिची खरी खोली फक्त मला ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी वीज आली. विजेचा खांब रस्त्यावर, घर आत, आणि मध्ये कडुनिंबाचे मोठे झाड. वरून तार ओढायची तर झाडाच्या दोन जाड फांद्या तोडाव्या लागणार होत्या. आई म्हणाली, “झाडाले हात लावाचा नाई.” ते झाड तिने पाण्याच्या टंचाईत घागरीने वाढवले होते. वीजघराचा वायरमन समजूतदार होता. त्याने जमिनीखालून तार नेण्याची परवानगी आणली. तिला तो केबल म्हणे. अंगठ्याएवढी जाड, वर शिशाचे कवच. अडीच फूट खोल चर खणायचा, त्यात ती घालायची, वर विटांचा थर द्यायचा आणि माती लोटायची, असे तो दोनदा सांगून दुसऱ्या कामावर गेला.

चर खणणाऱ्यांना घरापासून थोड्या अंतरावर, वीतभर खाली, निंबाचे मांडीएवढे मूळ आडवे लागले. त्यांनी मला विचारले. मूळ तोडले तर आईचा शब्द मोडणार. खालून बोगदा करायचा तर आणखी एक दिवस जाणार. मी सांगितले, “वरूनच जाऊ द्या.” दाराच्या समोरचे आठ-दहा हात तार वीतभर मातीखाली राहिली. वायरमन परत आला तेव्हा चर बुजलेला होता.

“अडीच फूट हाये ना, बाबूजी?” त्याने विचारले.

“आहे,” मी म्हणालो.

मी आयुष्यात खोटे क्वचित बोललो आहे. हे त्यांपैकी एक.

त्यापुढची चूकही माझीच. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जमिनीत ठेवलेली वस्तू ती एका जागी राहू देत नाही. पुढच्या पावसाळ्यात तारेवरच्या विटा वर आल्या. आई एकदा ठेचाळली. मी त्या विटा काढल्या, माती सारखी केली आणि गप्प राहिलो.

मेढीच्या आदल्या संध्याकाळी मात्र मी विसरलो नव्हतो. तारेची वाट मनाशी आखून, तिच्यापासून चार हात दूर, अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मी रांगोळीने एक फुली काढली आणि मेढ इथे रोवायची, असे सर्वांना सांगितले.

“इथीच काऊन रे?” आत्याने विचारले.

“इथे बरी पडते.”

कारण सांगितले असते तर खोलीही सांगावी लागली असती. मी सांगितले नाही.

पहाटे मी उंबराची मेढ आणायला ओळखीच्या एका शेतावर गेलो. इकडे बायकांनी शुभकार्याच्या दिवशी करायचे ते केले. सगळे अंगण शेणाने सारवले. माझी फुली सारवणाखाली गेली. मग आत्याने आपल्या समजुतीप्रमाणे, दारातून बाहेर पडताना उजव्या हाताला, मेढीच्या जागेवर स्वस्तिक काढले आणि वर कुंकू वाहिले. मी परतलो तेव्हा अंगण हिरवेगार, सपाट, एकसारखे दिसत होते. त्यात एकच खूण होती. ती रांगोळीची होती. बायकांनी माझ्याच फुलीला सजवले, असे मी धरून चाललो. कचेरीत आकडा पडताळल्याखेरीज मी कोणाच्या कागदावर सही करत नसे. अंगणात मात्र केली.

“करा सुरू,” भटजी म्हणाले.

भाऊजींनी सब्बल उचलली आणि माझ्याकडे पाहिले. “साळेबुवा, तुमच्या कचेरीत हेच काम असतं तं तुमी मले आधी अर्ज लिहाले लावला असता. मंग त्याच्यावर शिक्का.”

“टाइम जाऊन राह्यला, भाऊजी.”

“माहा टाइम तं तवाच गेला, जवा तुमच्या घरची पोरगी नेली.”

“आयकू येते मले!” आतून थोरल्या बहिणीचा आवाज आला. बायका हसल्या.

पहिल्या तीन घावांत सारवणाचा पापुद्रा आणि खालची वाळलेली ढेकळे उडाली. चौथ्या घावाचा आवाज निराळा आला. दबका, ओलसर लाकडावर बसावा तसा.

“मूळ लागलं निंबाचं,” भाऊजी म्हणाले. सब्बल पुन्हा खांद्यावर गेली. “तोडू का?”

“नाई बाप्पा,” आई दारातून म्हणाली. “जवाईबापू, बाजूनं घ्या.”

“सासूबाईचं झाड म्हंजे आमाले दुसरी सासूच,” ते म्हणाले. पण त्यांनी ऐकले. सब्बल खाली आणली आणि बाजूने माती उकरली. मी तेव्हा दहा पावलांवर होतो. मेढ खांद्यावर घेऊन तिची साल गळ्याला टोचत असताना मी ते बोलणे ऐकले. मूळ हा शब्द ऐकूनही माझ्या मनात काही हलले नाही. माझी फुली तारेपासून चार हात दूर होती, एवढेच मला माहीत होते.

खड्डा हातभर झाला. आत्या पाटावर उभी राहिली. मानाच्या सवाष्णीला जमिनीवर उभे करत नाहीत. तिच्यासाठी पाट मांडतात. तिने तांब्यातले पाणी खड्ड्यात ओतले, हळद-कुंकू वाहिले, मग वाकून हातातली सुपारी तळाशी ठेवायला बोटे पाण्यात घातली.

तिचा हात मागे फेकला गेला. कोणीतरी मनगट धरून हिसडावे तसा. तांब्या दूर जाऊन पडला. ती पाटावर बसली आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे पाहू लागली.

मग ती म्हणाली, “मायबाई! मेढीच्या जागी जीव हाये वं.”

“काय झालं आत्याबाई?” एकीने विचारले.

“झिनझिन्या आल्या. कोपरापावतर. कोनीतरी धरला माहा हात.” तिने दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले. “जागा जागृत हाये. पोरीचं नशीब चांगलं हाये.”

बायकांनी हात जोडले. भटजींनीही जोडले. घड्याळ त्यांच्या तळहातांमध्ये दाबले गेले. मी त्या क्षणाला हसत नाही, तेव्हाही हसलो नाही. एक वयस्क, शहाणी बाई अदृश्य शक्तीने हात धरल्याचे सांगत होती, आणि ती अक्षरशः खरे सांगत होती. फक्त त्या शक्तीचे नाव तिला माहीत नव्हते.

दुसरा मान माझ्या पत्नीचा होता. भरलेला तांब्या घेऊन ती पुढे निघाली. तिला पाट नव्हता. पाय अनवाणी, आणि सांडलेल्या पाण्याने सारवण ओले झालेले. तिच्यामागे तीन बायका होत्या. जागृत जागेला हात लावायची घाई प्रत्येकीला होती.

तेवढ्यात मला खड्ड्याची कड दिसली. भाऊजींनी बाजूने घेतलेल्या मातीत अंगठ्याएवढी जाड, करडी वस्तू आडवी होती. तिच्यावर सब्बलीचा ताजा ओरखडा होता आणि तो चांदीसारखा चमकत होता. निंबाचे मूळ चमकत नाही.

मी मेढ टाकली. “थांब,” म्हणालो.

माझ्या पत्नीने तोवर मला मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते. ती उचललेले पाऊल तसेच ठेवून थांबली. मागच्या तिघी तिच्यावर आदळल्या नाहीत, हे आजही मला मोठे वाटते.

“पानी खाली ठेव. मांगं सर. कोनी खड्ड्याजवळ येऊ नका. आत्या, तू पाटावरून उतरू नको.”

“काऊन रे?” आत्या म्हणाली. “देवाच्या कामात तोंड घालून राह्यला!”

“देव नाई. लाइटची तार हाये.”

भाऊजी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि आपल्या हातातल्या सब्बलीकडे पाहिले. ती त्यांनी फार सावकाश जमिनीवर ठेवली.

“मंग तो खटका खाली करा ना,” ते म्हणाले. “ओसरीतला.”

तो खटका मीच रोज रात्री तपासत असे. पण तो आमच्या घराच्या आतल्या तारांचा होता. खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या तारेवर आमचा कोणताही अधिकार नव्हता. प्रवाह आमच्या खटक्याशी पोचण्याआधीच तिथे होता, आणि खटका खाली केला तरी तिथेच राहणार होता. मी त्यांना एवढे सांगितले. त्यांनी पुढे विचारले नाही. माझी सायकल काढली आणि वीजघराकडे गेले. धोतराचा सोगा खोचायलाही ते थांबले नाहीत.

सर्वांना ओसरीवर चढवले. आत्याच्या पाटापासून ओसरीपर्यंत कोरडे पाट एकापुढे एक मांडले आणि तिला त्यांवरून चालवत नेले. माझी पत्नी तिच्या बाजूने चालू लागली तेव्हा मी तिलाही पाटावर चढायला सांगितले. ती म्हणाली, “मघाशी माह्या पायाले मुंग्या आल्या होत्या. मले वाटलं, भीतीनं आल्या.” एवढे बोलून ती आत गेली.

मी एक कोरडा पाट घेऊन खड्ड्यापासून तीन हातांवर बसलो. हातात वाळका बांबू. कोणी आले तर अडवायला. कोणी आले नाही.

जवळजवळ तासभर मी त्या खड्ड्याकडे पाहिले. तेवढा वेळ मी एका जागी एका वस्तूकडे आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

हळदीने पाणी पिवळे झाले होते. त्यातून बारीक बुडबुडे वर येत होते. पातेल्यात पाणी तापू लागले की तळाशी येतात तसे. पण खाली जाळ नव्हता, आवाज नव्हता, धूर नव्हता. थोड्या वेळाने पाण्यावर वाफेचा एक धागा दिसला. सकाळच्या उन्हात तो दिसतो न दिसतो असा होता. कुंकवाचा एक कण त्या बुडबुड्यांवर नाचत होता. बुडून पुन्हा वर येत होता. सुपारी तळाशी स्थिर होती.

मुंगळ्यांची एक रांग निंबाच्या बुंध्याकडून आली. पूजेतल्या गुळाचा वास त्यांना लागला असावा. ओल्या मातीच्या कडेशी पुढचा मुंगळा थांबला. पाय उचलून त्याने एकदा चाचपले आणि तो वळला. मागचा त्याच जागी आला आणि वळला. अशी सगळी रांग त्या न दिसणाऱ्या रेघेपर्यंत येऊन वळत गेली. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मला सांगितलेले होते. दोनदा.

मी त्या तारेखाली नव्हे, तिच्यावरून दोन वर्षे गेलो होतो. पावसात, अनवाणी, हातात कचेरीचा डबा घेऊन. आईने तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या सगळ्या काळात ती वीतभर मातीखाली अशीच भरलेली होती. रात्री मी ज्या दिव्याखाली फायली वाचत असे, त्यातला उजेड म्हणजे हीच वीज. दिव्यात ती मला सौम्य वाटे. काचेच्या आत ती जितकी होती तितकीच खड्ड्यात होती; तिच्यात काही वाढले नव्हते. तिला राग नव्हता, दया नव्हती, ओळख नव्हती. वाट मिळाली की ती जाणार होती. आत्याच्या हातातून, पत्नीच्या हातातून, पाण्यातून, सारखीच. मी आयुष्यात देवापुढे नियमाने उभा राहिलो आहे. पण ज्याला भय आणि आदर एकत्र म्हणतात, ते माझ्या मनात पहिल्यांदा त्या पाटावर बसून उत्पन्न झाले, हे मी लिहून ठेवतो.

“आठ पंचवीस,” भटजी ओसरीवरून म्हणाले. “वेळ गेली.”

आतून धाकट्या बहिणीचे रडणे ऐकू येईल, अशी माझी अपेक्षा होती. आले नाही. खिडकीच्या गजांमागे तिचा चेहरा दिसला. अंगाला हळद लागायची होती, तरी रंग उतरलेला होता. “दादा,” ती म्हणाली, “आत्याचा हात बरा हाये ना?”

“हाये.”

“तू तिथून उठ ना.”

“वायरमन आला का उठतो.”

ती खिडकीतून हलली नाही.

आत्या ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिची दोन बोटे पांढरी पडली होती. आई ती चोळत होती. आत्या बराच वेळ माझ्या पाठीकडे पाहत असावी.

“तुले माहीत होतं?” तिने विचारले.

“हो.”

“का थो तार एवढा वरतं हाये?”

“हो. मीच ठेवाले लावला. वरच्या इटा बी मीच काढल्या.”

“अन् तरी तू मले पहिला मान देला!”

मी काल फुली काढल्याचे सांगू शकलो असतो. सारवणाचे सांगू शकलो असतो. तिने काढलेल्या स्वस्तिकाचे तर नक्कीच. पण फुली का काढली, हे मी कोणाला सांगितले नव्हते. मग ती पुसली गेल्याचा दोष कोणावर टाकायचा? आत्या मोठ्याने बोलत होती आणि तिचा आवाज शाबूत होता, हे मी ऐकत होतो.

सव्वानऊच्या सुमारास भाऊजी परतले. मागे दुसऱ्या सायकलीवर वायरमन, खांद्याला दोर आणि पिशवी. दोन वर्षांपूर्वीचाच. त्याने खड्डा दुरूनच पाहिला, बुडबुडे पाहिले आणि थेट रस्त्याकडे वळला. रबरी हातमोजे घालून खांबावर चढला. वर त्याने काहीतरी ओढून काढले.

खड्ड्यातले बुडबुडे थांबले. कुंकवाचा कण पाण्यावर स्थिर झाला.

इतकेच घडले. मी लिहिताना ते लहान दिसते. तेव्हा मला वाटले की एखाद्या फार मोठ्या प्राण्याने श्वास घेणे थांबवले.

वायरमनने खाली येऊन पिशवीतल्या तपासणीच्या दिव्याच्या दोन तारा खड्ड्याला लावून पाहिल्या. दिवा लागला नाही. मग त्याने उघड्या हाताने माती बाजूला केली, शिशाचा ओरखडा पाहिला आणि जमिनीपासून तारेपर्यंत आपली वीत टेकवली. ती नेमकी बसली. हात तसाच ठेवून त्याने मान वर केली.

“मी इचारलं होतं तुमाले, बाबूजी.”

“हो.”

“तुमी ‘आहे’ म्हनलं.”

“खोटं बोललो.”

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला सोपे गेले असते. तो फक्त काम समजावून सांगतात तशा आवाजात बोलला. “घाव कवचात घुसला, पन आतल्या तांब्याले लागला नाई. अजून एक घाव बसता तं ह्यायच्या सब्बलीतूनच गेली असती.” त्याने भाऊजींकडे बोट केले. “पानी ओतलं तवा ओल आतमंदी गेली. बाई पाटावर होत्या. लाकूड कोरडं. म्हनून झटका देऊन सोडलं. जिमिनीवर असत्या तं सोडलं नसतं. हात चिकटला असता.”

भाऊजी माझ्या पत्नीच्या ओल्या पावलांच्या खुणा पाहत होते. सारवणात त्या स्पष्ट उमटल्या होत्या. शेवटची खूण खड्ड्यापासून दीड हातावर होती.

“सासूबाई,” भाऊजी ओसरीकडे वळून म्हणाले. पुढची थट्टा त्यांच्या तोंडी आली नाही. त्यांनी वाकून आईच्या पायांना हात लावला. जावई सासूच्या पाया पडत नाही, अशी त्यांच्या घरची रीत होती. आई दचकून मागे सरली. बाजूने घ्या म्हणताना तिला फक्त झाड वाचवायचे होते, हे ती त्यांना सांगू लागली. त्यांनी ते ऐकून घेतले.

भटजींनी पंचांग पुन्हा उघडले. दुपारी बाराच्या आसपासची अभिजित वेळ चालते, असे ते म्हणाले. या वेळी जागा मी मापली. तार कुठून कुठे जाते, ते वायरमनने काठीने जमिनीवर ओढून दाखवले. मी तिच्यापासून सहा हात मोजले. सर्वांच्या समोर, आवाज करून मोजले. भाऊजींनी खड्डा खणला. आत्या पुढे येईल की नाही, अशी शंका सर्वांना होती. ती आली. पाटावर उभी राहिली, पाणी ओतले आणि हातातली सुपारी खड्ड्यावर धरून क्षणभर थांबली. तिने माझ्याकडे पाहिले.

“टाकू का?”

“टाक.”

तिने बोटे पाण्यात घातली, सुपारी तळाशी ठेवली आणि सावकाश हात बाहेर काढला. बोटांवरून पिवळे पाणी गळत होते. “इथी कोनी नाई,” ती म्हणाली. त्यात सुटका होती, आणि किंचित निराशाही, असे मला वाटले. मेढ बारा वाजून चार मिनिटांनी उभी राहिली.

जेवणानंतर मी चर खणायला घेतला. पाहुणे ओसरीवर होते. भाऊजींनी दोनदा सब्बल मागितली. मी दिली नाही. वायरमन साहित्य आणायला गेला होता. मातीचा वरचा थर लोखंडासारखा होता आणि ऊन डोक्यावर होते. वीतभर खाली ते मूळ उघडे पडले. दोन वर्षांत ते आणखी जाड झाले होते. अडीच फुटांवर जायचे तर ते तोडण्यावाचून मार्ग नव्हता. मी कुऱ्हाड आणली आणि तशीच धरून उभा राहिलो.

आई बाहेर आली. सकाळपासून ती अंगणात उतरली नव्हती. तिने मूळ पाहिले, मग उघडी पडलेली तार पाहिली. सारवणातली सुनेची पावले उन्हाने वाळून तशीच राहिली होती. ती तिने चुकवून ओलांडली.

“तवाच सांगाचं होतं मले,” ती म्हणाली. “मी झाडासाठी मानूस देतो का रे?”

मी कुऱ्हाड खाली टेकवली.

“काप.”

मी कापले. सहा घाव लागले. तिने ते मोजले नसावेत. मी मोजले. ती शेवटपर्यंत उभी होती. मग तुटलेल्या टोकाला तिने ओल्या शेणाचा लेप दिला आणि आत गेली.

वायरमन तीनच्या पुढे आला. तारेचा जखमी भाग कापून त्याने लोखंडी पेटीत जोड घातला आणि पेटीत वितळलेले डांबर ओतले. तार चराच्या तळाशी ठेवण्याआधी मी फूटपट्टी लावली. तीस इंच. ती संख्या त्याने स्वतः वाकून वाचली. माझ्या सांगण्यावर विसंबला नाही. तेच योग्य होते. वाळू, विटा, माती. मी धुमसाने चोपली. प्रवाह उद्या सकाळी तपासून सोडीन, असे सांगून तो गेला. चहा त्याने घेतला. नमस्कार केला नाही.

दिवस कलला होता. मी घरातल्या सर्वांना अंगणात बोलावले. आई, पत्नी, दोन्ही बहिणी, आत्या, भाऊजी. खांबापासून भिंतीपर्यंत तारेच्या वाटेच्या कडेने एकदा चाललो आणि त्यांनाही चालायला लावले. कुठे वळण आहे, जोड कुठे आहे, खोली किती आहे, ते सांगितले. धाकटी बहीण म्हणाली, “मी तं रविवारी चालली जाईन, दादा. मले काऊन दाखवतं?”

“माहेरी येशील तवा चालशीलच इथून,” मी म्हणालो.

ती वळणापर्यंत जाऊन पुन्हा एकदा चालून आली.

त्यानंतर मी वाटेवर चार दगड रोवले. प्रत्येक दगड हातभर लांब. दोन तृतीयांश जमिनीत, बाकी वर. तारेच्या नेमके वर नाही, एका बाजूला हातभर, म्हणजे पहारीने ते काढायची वेळ आली तरी खाली काही लागणार नाही. वर आलेल्या भागाला चुना लावला. शेवटचा दगड दारासमोरच्या वाटेत येत होता आणि त्याचा चुना अजून ओला होता. पाहुण्यांची ये-जा चालू होती. म्हणून त्यावर एक टोपली पालथी घातली आणि ती वाऱ्याने हलू नये यासाठी वर एक धोंडा ठेवला.